किरणांचे कूळ

गेल्या वर्षी आमच्या थोरल्या भगिनीस लालबागेहून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किरणोपचारासाठी आम्ही नित्य नेत असू. "बाळू, हे कोणते रे किरण?" तिने एकदा पुसले. एवढे प्रखर, त्या अर्थी गॅमाच, असे आम्ही प्राध्यापकी थाटात सांगून टाकले. यंत्रावरचा तरुण नम्रपणे म्हणाला, "नाही सर, क्ष-किरण."

आम्ही वरमलो. गॅमा तेवढे बलवान, हे पंचवीस वर्षे आम्हीच वर्गात पढविले होते! वस्तुतः भेद कुळाचा आहे, बळाचा नव्हे. वेगवान इलेक्ट्रॉन धातूवर आदळून थबकले की क्ष-किरण उपजतात. गॅमा येतात अणूच्या केंद्रकातून. कोबाल्ट-६० चे गॅमा १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे. या यंत्राचे क्ष-किरण ६ दशलक्षांपर्यंतचे. १८९५ त राँटगेनला व १९०० त व्हिलार्दला असली यंत्रे कोठून दिसणार? तेव्हाचा ठोकताळा आम्ही सिद्धांत म्हणून जपला, इतकेच.

भगिनीची चिंता मात्र निराळीच होती. "अंगात काही उरत नाही ना?" कोबाल्ट विझत नाही, त्याला शिशात कोंडावे लागते, हे यंत्र कळ दाबताच थांबते. आणि बाहेरून दिलेले किरण, कोणत्याही कुळाचे असोत, देहात मागे राहत नाहीत. हे या खेपेस आम्ही त्या तरुणास विचारूनच सांगितले.

त्या सायंकाळी, तीन आठवड्यांनी, तिने नातवास मांडीवर घेतले.