चिठ्ठी कोण लिहिणार?

आमच्या कडा-आष्टी भागात गाईला हात लावणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात. सरकारी दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी डॉक्टर, पर्यवेक्षकही डॉक्टर. नायट्रोजनचं भांडं मोटारसायकलला बांधून गाय भरवायला येणारा पोरगा डॉक्टर आणि दूध संकलन केंद्राशेजारी कॅल्शियमच्या बाटल्या विकणारासुद्धा डॉक्टर. मी परभणीला शिकलो, पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक घेतला आणि इथं खासगी व्यवसाय करतो, म्हणून मीही डॉक्टर. माझी याबद्दल तक्रार नाही. रात्री दोन वाजता वस्तीवर गाय अडलेली असते तेव्हा धनी पदवी विचारत नाही, किती वेळात पोचता ते विचारतो. बीड इथून लांब, नगर त्या मानानं जवळ. 2022 च्या सप्टेंबरात नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन आलं, पण आजारी गाय काही रेल्वेनं नगरला नेता येत नाही. उपचार गोठ्यातच व्हायचा असतो.

आमच्या व्यवसायाच्या किमान दर्जाबद्दल जेव्हा जेव्हा चर्चा निघते, तेव्हा ती एकाच प्रश्नावर येऊन अडते: उपचार कोणी करायचा? कायदा त्याचं उत्तर देतो. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा. त्याच्या कलम 30 प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज कोणी व्यवसाय करू नये, आरोग्याच्या दाखल्यावर सही करू नये. अपवाद एवढाच की राज्य सरकारला पदविकाधारकांना किरकोळ सेवांची परवानगी देता येते, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि सरकार यादीत घालील तेवढे प्राथमिक उपचार. महाराष्ट्रात ती यादी 27 ऑगस्ट 2009 च्या अधिसूचनेनं आली. 2021 मध्ये पशुधन पर्यवेक्षकांनी, म्हणजे याच पदविकाधारकांनी, आंदोलन केलं तेव्हा हीच अधिसूचना रद्द करा, अशी त्यांची मागणी होती. पदवीधरांच्या संघटना अर्थातच दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या.

मी पदवीधर आहे, त्यामुळे माझी बाजू कोणती हे वेगळं सांगायला नको. पण इतकी वर्षं आम्ही ‘कोण’ यावर भांडत राहिलो आणि ‘कसं’ हा प्रश्न तसाच पडून राहिला, असं माझं मत आहे. राज्यात श्रेणी-2 चे दवाखाने आहेत, तिथं पदवीधर नसतोच, पर्यवेक्षकच असतो. त्याच्यावर देखरेख करणारा अधिकारी दुसऱ्या गावी, त्याच्याकडे आणखी चार गावांचा भार. 1976 साली राष्ट्रीय कृषी आयोगानं पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा असं सांगितलं होतं. ते प्रमाण आजही गाठलेलं नाही. अशा ठिकाणी देखरेख म्हणजे नेमकं काय? फोनवर विचारलं की झाली का? महिन्याच्या शेवटी रजिस्टरवर सही केली की झाली?

एक साधं उदाहरण घ्या. गाय व्याली, दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना, मान कुशीला टाकलेली, कान थंडगार. हा दुधाचा ताप. नाव ताप, पण अंग गार. रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलेलं असतं. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची साडेचारशे मिलिलिटरची बाटली शिरेतून दिली की अर्ध्या तासात गाय उठून उभी राहते, शेण टाकते, वैरणीला तोंड लावते. पशुवैद्यकात याच्याइतका चमत्कार दुसरा नाही, आणि म्हणूनच गावोगाव सगळ्यांना हा चमत्कार करावासा वाटतो. पण हेच कॅल्शियम घाईनं सोडलं तर हृदय थांबतं. बाटली अंगाइतकी कोमट करायची, थेंब सावकाश ठेवायचा, एक हात नळीवर आणि स्टेथोस्कोप छातीवर, ठोका चुकायला लागला की नळी बंद. यातलं अवघड काहीच नाही. तरी बाटली दाबून दाबून पाच मिनिटांत संपवलेली मी पाहिली आहे, आणि त्यानंतर आडवी झालेली गायही. ‘आयुष्यच नव्हतं तिचं,’ असं म्हणून धनी गप्प बसतो. त्याच्या हातात दाखवायला काहीच नसतं.

किमान दर्जा म्हणजे मला हे वाटतं, इमारत आणि पाटी नंतर. लाळ गाळणाऱ्या, घास न गिळणाऱ्या गाईच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही, कारण घशात बोंड अडकलेली गाय आणि पिसाळलेली गाय पहिल्या दिवशी सारखीच दिसते. अडकलेली वार हातमोज्याशिवाय काढायची नाही. सांसर्गिक गर्भपाताचा जंतू माणसालाही धरतो आणि महिनोन्‌महिने ताप-सांधेदुखी सोडत नाही. त्याच रोगाची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना द्यायची, आणि देताना सुई स्वतःच्या बोटाला लागू द्यायची नाही, कारण ती लस जिवंत जंतूंची असते. आमच्यातल्या कित्येकांच्या गुडघ्यांचा इतिहास या न घातलेल्या हातमोज्यांशी जोडलेला आहे.

2022 च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यात लम्पी त्वचारोग सापडला आणि काही आठवड्यांत तो मराठवाड्यात उतरला. बाजार बंद, जनावरांची वाहतूक बंद. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची मोहीम निघाली. काम प्रचंड झालं, ज्यांनी केलं त्यांना सलाम. पण त्या घाईत एकाच सुईनं अख्खी दावण टोचली गेल्याचंही लोक सांगत. माशा-गोचिडांमार्फत पसरणाऱ्या रोगात सुई हीसुद्धा एक माशीच असते. लस विरघळवल्यावर बर्फावर ठेवून काही तासांत संपवायची असते. थर्मासमध्ये बर्फ नव्हे, बर्फाचं पाणी उरलं असेल तर आपण जनावरात नुसतं पाणी सोडतो. गुरांना मारणारी बुळकांडीची साथ 2011 मध्ये जगातून संपली ती काही अद्‌भुत शोधामुळे नाही. लस चांगली होतीच, पण ती थंड ठेवली गेली, कुठल्या गावात कधी टोचली हे लिहिलं गेलं, आणि तेच ते कंटाळवाणं काम वर्षानुवर्षं झालं.

लिहिण्यापाशीच मला यायचं होतं.

दिवाळी झाली की आमच्याकडची ऊसतोडीची घरं हलतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्यांकडे जातात, आणि गोठ्यात दोन संकरित गाई आणि त्यांच्याकडे बघायला म्हातारी राहते. गाय आजारी पडली की म्हातारी जो येईल त्याला बोलावते. दुसऱ्या दिवशी फरक नसला की मला फोन येतो. मी विचारतो, ‘आजी, काल काय दिलं?’ ‘पांढरं दिलं बाबा, दुधासारखं, आन् एक लाल.’ मग मी रंगावरून औषध ओळखायला बसतो. दुधासारखं म्हणजे पेनिसिलीन असेल. पिवळं म्हणजे बहुधा ऑक्सिटेट्रासायक्लीन. लाल म्हणजे जीवनसत्त्व ब-12, नाहीतर गोचीडतापावरचं बुपार्वाक्वोन. लाल रंगाच्या या दोन शक्यतांत किमतीचा आणि परिणामाचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेनिसिलीनवर लगेच ऑक्सिटेट्रासायक्लीन दिलं तर ते पेनिसिलीनचं काम अडवतं. काल काय झालं हे न कळता आज उपचार करायचा, ही आमच्या भागातली रोजची पद्धत आहे. माणसांच्या डॉक्टरकडे निदान जुनी फाईल पिशवीतून निघते.

औषधांचे कायदे तसे कडक आहेत. प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. सेफ्ट्रायॅक्झोनसारखी काही 2014 पासून एच-1 अनुसूचीत आहेत, म्हणजे दुकानदारानं ती कोणी लिहून दिली याची नोंद तीन वर्षं ठेवायची. कोलिस्टिन अन्न देणाऱ्या जनावरांसाठी 2019 मध्ये बंद झालं. गिधाडांचा बळी घेणारं डायक्लोफिनॅक 2006 मध्ये जनावरांसाठी बंद केलं, तरी माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात येत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये कुपीच तीन मिलिलिटरची करावी लागली. पुढे 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. या सगळ्या बंद्यांना एकच भोक आहे. गोठ्यात काय टोचलं ते कुठंच लिहिलेलं नसतं, तेव्हा बंदी मोडली की पाळली हे तपासणार कोण आणि कशावरून?

माझी मागणी त्यामुळे अगदी अर्ध्या पानाची आहे. कोणीही येवो, पदवीधर किंवा पदविकाधारक, उपचार केल्यावर गोठ्यात चिठ्ठी राहिली पाहिजे. तिच्यावर गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, रोग काय वाटला ते, औषधाचं नाव आणि मात्रा, दूध कुठल्या तारखेपर्यंत डेअरीला घालायचं नाही ते, आणि खाली नाव व नोंदणी क्रमांक. पर्यवेक्षकानं लिहिली तर ज्याच्या देखरेखीखाली लिहिली त्या पशुवैद्यकाचंही नाव. कायद्यातल्या देखरेखीला गोठ्यापर्यंत आणायचा याहून स्वस्त मार्ग मला तरी दिसत नाही. ज्याला स्वतःचं नाव लिहायला भीती वाटेल त्यानं सुई भरण्याआधी विचार करावा. आमच्यातले काही पदवीधरही चिठ्ठी टाळतात, हे इथं सांगायलाच हवं. रात्रीच्या फेरीचे चारदोनशे रुपये मिळणार, त्यासाठी उद्या ग्राहक आयोगात उभं राहायचा पुरावा स्वतःच्या हातानं का लिहून द्यायचा, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल मला समजतो, पटत मात्र नाही. चिठ्ठी नसली की वाद मिटत नाही, तो फक्त चावडीवर जातो, आणि तिथं पुराव्याची गरजच पडत नाही.

लोक बिल्ला मारू देणार नाहीत, असंही पूर्वी सांगितलं जायचं. कान फाटतो, दूध आटतं, कर्ज काढलेलं कळतं, अशी नाना कारणं होती. मग 2024 च्या जानेवारीत गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान आलं आणि ते बिल्ल्याच्या नोंदीला जोडलं गेलं. तोपर्यंत टाळाटाळ करणारे स्वतःहून बिल्ला कधी मारता म्हणून विचारायला लागले. त्याच वर्षी जूनपासून खरेदी-विक्रीलाही बिल्ला लागू झाला. बारा आकडी क्रमांक आता कानात आहे, लसीकरण आणि रेतन त्यावर चढतं. खासगी उपचार मात्र त्यावर जवळजवळ कधीच चढत नाही.

चिठ्ठीतली खरी अडचण दुधाची तारीख ही आहे, आणि ती माझ्या व्यवसायबंधूंना नीट माहीत आहे. औषधाच्या लेबलवर किती दिवस दूध वापरू नये हे छापावं लागतं. ते ठरलेलं नसेल तर दुधासाठी किमान सात दिवस धरायचे, असा नियम 2012 पासून आहे. वीस लिटरची गाय आणि तीस रुपये भाव धरा. तीन दिवस दूध घरी ठेवायचं म्हणजे अठराशे रुपये गेले, सात दिवस म्हणजे बेचाळीसशे. कासदाहाच्या उपचाराला त्याच्या निम्मेही लागत नाहीत. दोन गाईंवर चालणाऱ्या घराला मी चिठ्ठीवर तारीख लिहून दिली की घरातला माणूस ती वाचतो, माझ्याकडे बघतो आणि संध्याकाळी दूध घालतो. डेअरीवर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅटखेरीजचे घन घटक, मोजतात. औषधाचा अंश रोज तपासला जात नाही. पुण्याच्या एखाद्या घरात पोचलेलं ते दूध तापवलं म्हणून औषध उडून जात नाही. म्हणून पाच रुपयांचं अनुदान ज्या बिल्ल्यावर दिलं, त्याच बिल्ल्यावर चिठ्ठी चढली तर थांबवलेल्या दुधाचे निदान निम्मे पैसे त्या घराला द्यावेत, असं मी सुचवीन. हे निम्मे डेअरीनं आणि सरकारनं मिळून द्यायचे. हिशेब कोणी कसा वाटून घ्यायचा यावर भांडण होईल, ते होऊ द्या. पण आज ते सगळे अठराशे रुपये एकट्या म्हातारीनं सोसायचे, आणि ते न सोसल्याबद्दल आम्ही तिलाच अडाणी म्हणायचं, एवढीच व्यवस्था अस्तित्वात आहे.