प्रिंटर घेताना न विचारलेला प्रश्न

घरी पहिला प्रिंटर आणला तेव्हा दुकानात जो सर्वांत स्वस्त दिसला तोच उचलला. साडेतीन हजारांत प्रिंट, स्कॅन आणि झेरॉक्स. अम्मी खूश. म्हणाली, "अब झेरॉक्सवाले के पास जाना नक्को."

दोन महिन्यांत काळं कार्ट्रिज संपलं. नवं 700 रुपयांना मिळालं आणि खोक्यावर लिहिलेलं होतं, 120 पानं. म्हणजे एका पानाला जवळपास 6 रुपये. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला 2 रुपये घेतो!

पण खरा फटका पैशांचा नव्हता.

मुलीसाठी ओबीसीचा दाखला काढायचा होता. त्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्याकडे आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय, 'मुसलमान तांबोळी'. कितीतरी घरांच्या नोंदीत नुसतंच 'मुसलमान' असतं आणि तिथून हेलपाटे सुरू होतात. आमची सारी भिस्त त्या एका शब्दावर.

उताऱ्याची प्रत घरीच काढली. जुलैचा पाऊस होता, पिशवीत पाणी गेलं. खिडकीवर कागद काढला तर नेमका तो शब्द निळसर डाग होऊन पसरलेला. कारकून म्हणाला, "भाऊ, यात काय वाचू? दुसरी आणा." मूळ उतारा प्लॅस्टिकमध्ये होता म्हणून निभावलं. समोरच्या टपरीवर 2 रुपयांत झेरॉक्स काढली. तिच्यावरही थेंब पडले, पण अक्षर हललं नाही.

दुरुस्तीवाल्याने कारण सांगितलं. झेरॉक्स मशीनमध्ये पावडर असते, ती उष्णतेने कागदावर वितळून चिकटते. इंकजेटची शाई दोन प्रकारची. डाय शाई पाण्यात विरघळलेला रंग असते, ओल लागली की फुटते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कागदाला धरून राहतात.

दुसऱ्या वेळी शाईच्या टाकीचा प्रिंटर घेतला. तो साधारण अकरा हजारांना पडला. पण काळ्या शाईच्या एका बाटलीत काही हजार पानं निघतात, शाईचा खर्च पानाला दहा पैशांच्या आसपास. काही टाकीवाल्यांत काळी शाई पिगमेंटची असते, काहींत सगळ्याच डाय. म्हणून दुकानदाराला एक पान छापायला लावलं आणि त्यावर ओलं बोट फिरवलं. तो हसला. मी नाही हसलो.

आता कुणी विचारलं, कोणता प्रिंटर घेऊ, तर मी आधी विचारतो, महिन्याला किती पानं छापणार? पाच-दहाच असतील तर घेऊच नका, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला बरा. शिवाय इंकजेट पडून राहिला की शाई वाळते, छिद्रं बुजतात, आणि ती साफ करण्यातच शाई जाते. मुलांचा अभ्यास, फॉर्म, दाखले असं रोजचं काम असेल तर टाकीवाला घ्या. आणि कागद कार्यालयात द्यायचे असतील तर काळी शाई पिगमेंटचीच बघा.

आमच्याकडे दर जुम्म्याला नमाजहून आलो की मी एक रंगीत पान छापतो, छिद्रं मोकळी राहावीत म्हणून. आजोबांच्या उताऱ्याच्या पाच प्रती मात्र त्या नव्या प्रिंटरवर पहिल्याच दिवशी काढल्या. फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलीय. अम्मीने वरून गाठ मारलीय.