राजनांदगावची गाडी

नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी तुमसर मागे टाकते, वैनगंगेचा पूल ओलांडते आणि तिरोड्यावरून आमच्या गोंदियात येते. पुढे आमगाव, सालेकसा. दरेकशाचा बोगदा पार झाला की डोंगरगड. हा मार्ग मला लहानपणापासून पाठ आहे. पण १८९३ साली कवी नारायण वामन टिळक राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी याच रुळांवरून गेले, हे वाचल्यापासून मी खिडकीशी जरा सावरूनच बसतो.

त्या प्रवासात डब्यात त्यांना एक गोरा गृहस्थ भेटला. काव्यावरून निघालेलं बोलणं धर्मावर आलं. त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. टिळक वाचायला लागले ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मन अशांत होतं, ख्रिस्त भेटला, शांती लाभली, अशी ही गोष्ट इथेच संपवली तर मला ती अर्धी वाटते. टिळकांना शांती मिळाली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसाराची पार दैना झाली. नवरा बाटला, या बातमीने कोसळलेली ती बाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन पंढरपुरात राहिली. ही ताटातूट चार-पाच वर्षं चालली. टिळकांचा तापटपणाही बाप्तिस्म्याने गेला नाही. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे'च त्याची साक्ष आहे. मग त्यांना मिळालं ते काय?

मला वाटतं, त्यांना परत जाण्याचं बळ मिळालं. त्याच प्रवचनात येशू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याशी बिनसलंय हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट करून ये. टिळकांनी बायकोशी तुटलेलं जोडत आणलं. एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाई आपलं सोवळं पाळत होत्या आणि ते त्यांना पाळू देत होते. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने.

माझ्या आईनेही ते वचन शब्दशः घेतलं होतं. बाबा गेल्यावर धानाच्या बांध्यांच्या वाटणीवरून काकांनी आमच्याशी बोलणं सोडलं. संध्याकाळच्या प्रार्थनेत आई आम्हा मुलांची नावं घ्यायची आणि मग काकांचं. तिथे तिचा आवाज जड व्हायचा, पण नाव गळलं नाही. दिवाळीनंतर धान चुरून झालं की नव्या तांदळाची पायली पदराखाली घेऊन ती त्यांच्या अंगणात जायची. काकू पायली घ्यायची, काका उठून आत जायचे. एकदा मी चिडून विचारलं, "कशाला जाते तू?" चुलीत काडी सारत ती म्हणाली, "ते नाही बोलले तं नाही बोलले. मले झोप आली पाह्यजे ना, बापू." आणि तिला खरंच गाढ झोप लागायची. माझी तळमळ मात्र रात्रभर.

टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तकथेचं काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्या नावाने एकदा त्यांचं घर फुटलं, त्याच नावाची कथा रचत ही बाई उतारवयात बसली, हे आठवलं की माझा विश्वास बळावतो.

आईच्या माघारी पायली घेऊन मी जातो. काका अजून आत निघून जातात. काकू चहा घेतल्याशिवाय सोडत नाही.