पाणी नंतर

मी सक्करदऱ्यात राहतो. बुधवार बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची खोली आहे. पहाटे बुटीबोरीची बस पकडायची, सूतगिरणीत आठ तास काढायचे, परत यायचं. शाळा नववीत सुटली. पुढचं जे काही शिकलो ते रद्दीतून, विहारातल्या कपाटातून आणि मशिनींवर ठोकलेल्या पट्ट्या वाचून. कविता करतो हे तुम्हाला माहीत आहे. आज कविता देत नाही. आज बॅटरीवर लिहितो आहे. दोस्तहो, हसू नका. या बॅटरीपायी माझ्या चुकीने एका बाईचे हात भाजले, आणि ते मला कवितेत लिहिता आलं नाही.

रिंग खात्यात मी डॉफर होतो. भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या चढवायच्या. मागच्या वर्षी गिरणीत झाडायची मशीन आली. तिच्यावर बसून चालवायची, खाली ब्रश गोल फिरतात, कचरा ती पोटात घेते. हार घातला, नारळ फोडला. साहेब म्हणाले, आता झाडू गेला. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग चालवणार कोण हा प्रश्न आला. सुपरवायझरने हजेरीचं पुस्तक उघडलं. त्याचं बोट नावांवरून नाही, आडनावांवरून खाली आलं आणि माझ्यापाशी थांबलं. खात्यात आम्ही अठ्ठावीस पोट्टे होतो. तो म्हणाला, "तुमच्या लोकांना हे बरोबर जमतं."

मशीन नवी होती. बोट जुनंच होतं.

गिरणीशी आपलं नातं जुनं आहे. नागपुरात एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. तिच्या भोंग्यावर या शहरातल्या कित्येक घरांची चूल पेटायची. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपलं तोंड विटाळाचं. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. मला वाटतं, ती बंदी नुसती तोंडाची नव्हती. जे काम शिकावं लागतं, ज्या कामाने माणसाची किंमत वाढते, त्या कामावर ती बंदी होती. झाडायला काय शिकायचं, असं ते धरून चालतात. म्हणून झाडूच्या जागी मशीन दिली, तरी शिकवलं नाही.

मशीनवाल्यांचा माणूस आला होता. त्याने अर्धा तास समजावलं ते सुपरवायझरला. मी मागे उभा होतो. किल्ली, ब्रेक, ब्रश एवढं मला दिसलं. इंग्रजी पुस्तिका होती, ती ऑफिसच्या कपाटात गेली. मला सांगितलं, "सुट्टीच्या आधी चार्जरला लावत जा. पाणी संपलं की पाणी टाक." झालं माझं ट्रेनिंग.

मशीनच्या पोटात सहा-सहा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, मिळून चोवीस व्होल्ट. एकेका बॅटरीवर तीन बूच, म्हणजे बारा बूच. एका शनिवारी बूच उघडून बघितलं, तर पाणी खाली गेलेलं. उद्या कोणी आळशी म्हणायला नको म्हणून बाराही घरं गळ्यापर्यंत भरली. अगदी काठोकाठ. मग चार्जर लावला आणि बस पकडली. त्या रात्री मी एक कविता लिहिली. कशावर, ते आता आठवत नाही.

सकाळी मशीनखाली ओलं होतं. मशीन जिथे पोचत नाही तिथे, रिंग फ्रेमच्या खाली, अजून हाताने झाडावं लागतं. ते काम मावशी करते. तिने ओलं बघितलं. पाणी सांडलं असेल म्हणून फडकं घेतलं, दोन्ही हातांनी पुसलं, पिळलं, पुन्हा पुसलं. नंतर झाडू घेऊन कामाला लागली. अर्ध्या-पाऊण तासाने म्हणाली, "बाबू, हात आग मारून रायले." तळवे लाल झाले होते, बोटांच्या बेचक्यात फोड. मी तिला नळावर नेलं. किती वेळ पाण्याखाली धरायचं हे मला माहीत नव्हतं. दोन मिनिटं धरले आणि सोडले. दोन दिवसांनी तिचं लुगडं धुताना विरलं, निऱ्यांची चाळण झाली. तेजाब कापूस खातं. गिरणीत आयुष्य घालवलेल्या बाईच्या अंगावरचा कापूस त्याने खाल्ला.

सुपरवायझर तिलाच बोलला. "मशीनखाली हात घालायला कोणी सांगितलं?" मला कोणी काही विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही की काठोकाठ मी भरलं होतं. आठ दिवस गप्प बसलो. जयभीम म्हणताना आवाज खाली जायचा.

नवव्या दिवशी उमरेड रोडवर एका टपरीत गेलो. तिथे एक काका ई-रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करतात. त्यांना सगळं सांगितलं, फक्त मावशी सोडून. त्यांनी मान हलवली. "चार्ज करायच्या आधीच भरलं काय? बाप्पा! चार्ज होताना ते फुगते, उकळल्यासारखं करते, वर येते. अन् बाहेर जे येते ते पाणी नसते रे, तेजाब असते." मग त्यांनी एक जुनी बॅटरी कापून ठेवली होती ती दाखवली. आत शिशाच्या जाळ्या, त्यांच्यात पातळ गंधकाम्ल. चार्ज भरत आला की आतल्या पाण्याचे दोन वायू होतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, आणि ते बुचातून निघून जातात. जातं ते पाणी, आम्ल आतच राहतं. म्हणून वरून टाकायचं ते फक्त पाणी, आणि तेही डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार जाळ्यांची वाट लावतात. वरून ॲसिड कधीच टाकायचं नाही. काकांकडे काचेची नळी होती, आत तरंगणारा काटा. भरलेल्या बॅटरीत तो १.२६ ते १.२८ च्या आसपास राहतो, उतरलेल्या बॅटरीत १.१२ च्या घरात येतो. मी ती नळी तासभर हातात घेऊन बसलो. कोणतीही गोष्ट अशी मोजून बघता येते याचा मला फार आनंद झाला, आणि त्याच वेळी लाजही वाटली.

मग कारकुनाच्या मागे लागलो. पुस्तिकेच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून आणले. सात रात्री डिक्शनरी घेऊन बसलो. चौथ्या रात्री एक वाक्य लागलं आणि झोप उडाली. हवेत शंभरात चार भाग हायड्रोजन झाला, की एका ठिणगीवर तो पेट घेतो. आमचा चार्जर होता कापसाच्या गोडाऊनच्या कोपऱ्यात. शटर बंद. छताला, तारांवर, पंख्यावर उडता कापूस बसलेला. हायड्रोजन हलका, तो वरच जाऊन साठतो. मी पाच महिने तिथे रोज चार्जर लावत होतो. कधी कधी तर चालू चार्जरचीच पिन ओढून काढत होतो. तिथे ठिणगी उडते, ती मी डोळ्यांनी बघितली होती. निळी. सुंदर वाटली होती मला.

मी एक पुठ्ठा घेतला आणि त्यावर मराठीत लिहिलं:

चार्जिंग मोकळ्या हवेत. वरची खिडकी उघडी. मशीनचं झाकण उघडं, बॅटरीची बुचं बंद.
विडी, काडी, ठिणगी जवळ नको. कापूस जवळ नको.
आधी चार्जर बंद करा, मग पिन काढा.
आधी चार्ज, पाणी नंतर. जाळ्या उघड्या पडल्या असतील तरच चार्जच्या आधी टाका, जाळ्या बुडतील इतकंच.
पाणी गळ्यापर्यंत नको, आतल्या कड्याच्या थोडं खाली. पाणी डिस्टिल्डच. उन्हाळ्यात दर आठवड्याला बघा.
चष्मा, रबरी हातमोजे, ॲप्रन. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याला टेप गुंडाळा. बॅटरीवर पाना ठेवू नका.
बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका, उतरलेली तशीच ठेवू नका. जाळ्यांवर पांढरा थर घट्ट बसतो आणि ती मरते.
अंगावर उडालं तर भरपूर पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून पाणी, आणि लगेच दवाखाना. खाण्याचा सोडा जमिनीवर टाका, डोळ्यात नाही.
डबा उघडायच्या आधी हात साबणाने धुवा. शिसं पोटात गेलं की लवकर निघत नाही.

पुठ्ठा चार्जरच्या वर टांगला. दुसऱ्या दिवशी तो कपाटाच्या मागे सापडला. सुपरवायझर म्हणाला, "तू कवी ना? मंग कविता लिह." मी दुसरा लिहिला, तोही गेला. तिसऱ्या पुठ्ठ्याबरोबर अर्ज दिला, खाली अकरा सह्या आणि एक अंगठा. अर्जात लिहिलं, की १९८७ साली फॅक्टरी ॲक्टात कलम १११-अ घातलं गेलं. कामगाराला आपल्या आरोग्याची आणि सुरक्षेची माहिती मालकाकडे मागायचा हक्क त्यात दिला होता. २०२० च्या नव्या संहितेतही तो हक्क ठेवलेला आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे सभासद होते, हे मी अर्जात लिहिलं नाही. सह्या करताना आम्हाला ते माहीत होतं.

तीन आठवडे गेले. मग चार्जर बाहेरच्या शेडमध्ये आला, तीन बाजूंनी मोकळा. हातमोज्यांचा एक जोड आला, एक चष्मा आला. दुसऱ्या जोडासाठी अर्ज पडून आहे. मोठा विजय झाला असं मी म्हणत नाही. पण पुठ्ठा अजून भिंतीवर आहे.

अर्जावरचा तो अंगठा मावशीचा होता. ती नंदनवनच्या झोपडपट्टीत राहते. अर्जाच्या आधी मी तिच्या घरी गेलो होतो. हातांचं कातडं निघून नवं, गुलाबी आलं होतं. मी सांगून टाकलं, "मावशी, ते मी भरलं होतं. काठोकाठ. माझी चूक होती, अन् मी गप्प बसलो." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुले कोनं शिकवलं होतं काय?" मी नाही म्हटलं. "मंग नाही शिकवलं त्याचा राग त्याहिच्यावर. पन आठ दिवस मले सांगतलं नाही, त्याचा राग तुह्यावर हाये." चहा ठेवला. मग म्हणाली, "आता तुले समजलं ना? मंग मले सांग. सगळं सांग."

मी पुठ्ठा वाचून दाखवला. तिला अक्षर येत नाही. तिने एकेक ओळ माझ्यामागून म्हटली, दळताना म्हणतात तशी. दोन वेळात पाठ झाली. मी सात रात्री डिक्शनरी घेऊन बसलो होतो.

दोस्तहो, हे तुमच्यासाठी का लिहितो? आपल्या गल्लीत फिरून बघा. माझ्या एका गल्लीत पाच ई-रिक्षा आहेत. त्यांच्यात हीच शिशाची बॅटरी. चोरी होईल म्हणून पोट्टे रात्री त्या खोलीतच चार्जिंगला लावतात. दार बंद, खिडकी नाही, बाजूला लेकरं झोपलेली, आणि सकाळी त्याच खोलीत गॅस पेटतो. जुनी झालेली बॅटरी कोणी अंगणात फोडून शिसं विकतं. ते शिसं लेकरांच्या रक्तात जातं आणि डोक्याची वाढ खुंटवतं. ज्या लेकरांना आपण 'शिका' म्हणून सांगतो तीच ही लेकरं. जुनी बॅटरी न फोडता दुकानदाराला परत द्यायची. २०२२ च्या नियमांनी ती परत घेऊन नीट गाळायची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे.

आपण सभेत क्रांतीवर बोलतो. बोललंच पाहिजे. पण मागच्या रविवारी विहारात मी बॅटरीवर बोललो. नऊ रिक्षावाले आले होते, दोघे बायकोला घेऊन. काकांनी कापलेली बॅटरी आणून दाखवली. एकाने विचारलं, "एवढे दिवस आम्हाले हे कोनं काऊन नाही सांगतलं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मागे बसलेली मावशी उठली. ती समोर आली, आपले दोन्ही तळवे सगळ्यांना दाखवले, आणि सुरू झाली: "पयले चार्जिंग मोकळ्या हवेत."

काल सकाळी मी घाईत होतो. चार्जर लावायच्या आधीच पाण्याचा डबा हातात घेतला. फ्रेमच्या खालून आवाज आला.

"बाबू, पाणी नंतर."

मी डबा खाली ठेवला.