सुईवाल्या डॉक्टरांचं देणं

खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं गलाईवर उभी आहेत. सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्या मुलखात कुठं कुठं, आणि माणसं वर्षानुवर्षं घराबाहेर. आमचा दादाही त्यातलाच. २००८ साली तो परतला तो खोकला आणि संध्याकाळचा ताप घेऊनच.

गावात एसटी स्टँडमागच्या खोलीत डॉक्टर बसायचे. डॉक्टर कसले, विट्यात एका दवाखान्यात कंपाउंडर होते, तिथं सुई मारायला शिकले. डॉक्टरकीच्या १९६१च्या कायद्यानं त्यांचा धंदा गुन्हाच होता. त्यांनी दादाला सलाइन लावलं, स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा ताप. यात महिना गेला, आणि तो महिना मी आजही त्यांच्या नावावर मांडतो. मग एक दिवस म्हणाले, "गुरुजी, हे माझ्या हातातलं न्हाई." थुंकीच्या डब्या स्वतःच्या स्कूटरवरून सरकारी दवाखान्यात त्यांनीच पोचवल्या. टीबी निघाला. रक्त तपासलं, एचआयव्हीही निघाला.

दादा उपकेंद्रावर जाईना. आठवड्यातनं तीनदा नर्सताईंसमोर टीबीच्या गोळ्या गिळायच्या म्हणजे गावाला दवंडी. डॉक्टरांच्या बाकावर मात्र कंबरदुखीवाला बसलेला, तापाचं पोर बसलेलं. तिथं कोण कशाला आलाय हे कुणी विचारत नसे. औषध देणारा कोण असावा, हा नियमही सैल होता: घरचा माणूस नको, बाकी मास्तर, दुकानदार, कोणीही चालेल. ज्या सरकारला ते डॉक्टर म्हणून चालत नव्हते, त्याच सरकारच्या टीबी कार्डावर त्यांचं नाव चढलं.

एका वेळेला सात गोळ्या. लघवी लाल होईल, ते रक्त नव्हे, हे त्यांनी वहिनीला आधीच सांगून ठेवलं होतं. वहिनीचंही रक्त तपासायला लावलं ते त्यांनीच. दादानं खाडा केला की ते गोळ्या खिशात घालून मळ्यात यायचे आणि बांधावरच्या माणसाला सांगायचे, "मोटार बघायला आलोय." टीबीच्या गोळ्या अंगी लागल्यावर सांगलीच्या सिव्हिलमधून एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, सुरू झाली. त्या सगळ्या काळात दादाच्या आजाराचं नाव त्यांच्या तोंडून कुणाच्या कानावर गेलं नाही. त्यांच्या बायकोच्याही नाही. गोळ्यांचा रुपया घेतला नाही. इंजेक्शनांचे पैसे मात्र पै न् पै वसूल केले.

दादा आज शेळ्या राखतो, माझ्याशी भांडतो. तरी मी डॉक्टरांना देवमाणूस म्हणणार नाही. एकदा वापरून टाकायची सुई दुसऱ्या दंडात घालताना मी त्यांना पाहिलंय, आणि ज्या घरात एचआयव्ही आलाय त्या घराला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

पुढं बोगस डॉक्टर शोधायची मोहीम निघाली. तेव्हा मी त्यांना म्हणालो, "डॉक्टर, सुई सोडा. थुंकीच्या डब्या न्या, गोळ्या द्या, खोकणाऱ्याला वेळेत पुढं धाडा. एवढं कराल तर गाव तुमच्या मागं उभं करतो."

ते हसले. "गुरुजी, सुई सोडली तर माझ्या बाकावर येणार कोण? आणि बाक रिकामा पडला तर तुमच्या दादासारख्यानं बसायचं कुणाच्या आडोशाला?"