दुधाची पारख

परप्रांती बदली झालेल्या मराठी माणसाला दोघांविषयी फार लवकर संशय येऊ लागतो. एक कचेरीतला हेडक्लार्क आणि दुसरा दूधवाला. 1988 च्या मे महिन्यात लखनौला बिऱ्हाड मांडले, तेव्हा पहिल्याचे काही करणे आमच्या हाती नव्हते. म्हणून दुसऱ्यासाठी आम्ही एक लॅक्टोमीटर विकत आणला.

तसा पातळ पदार्थांच्या घनतेचा विचार आमच्या घरात पूर्वीपासूनच होता. देवापुढच्या काचेच्या दिव्यात सौभाग्यवती खाली पाणी व वर तेल घालीत. तेल तरंगे, वात जळे. लिटरभर सरसूचे तेल वजनाला सुमारे 910 ग्रॅमच भरते, हेही त्यांनी तिथल्या वाण्याला सुनावले होते. मध लिटरला 1400 ग्रॅमच्या घरात जातो. दूध मात्र पाण्याहून किंचितच जड, 1.03 च्या आसपास. आणि या किंचितपणातच सगळी भानगड आहे.

शेजारच्या गल्लीतला ग्वाला म्हैस पिळून चरवी तशीच दारात आणी. आम्ही नळी बुडविली, आकडा 26! म्हणजे पाणी, असा निवाडा देऊन आम्ही त्याला बंद केले. तो काही बोलला नाही. नवा माणूस बर्फावर ठेवलेले दूध आणू लागला. आकडा बरोबर 30. महिनाभर आम्ही खूष होतो. पण साय धरेना, तूप निघेना. शेवटी सौभाग्यवतींनी विचारले, "तुमच्या त्या नळीला साय दिसते का हो?"

तेव्हा नळीवरचा बारीक मजकूर आम्ही प्रथमच वाचला. ती 60 अंश फॅरनहाइटसाठी होती. धारोष्ण दूध उष्णतेमुळे आणि आत कोंडलेल्या हवेमुळे हलके भरते. उलट साय काढली की दूध जड होते, आणि मग पाणी घालून त्याला पुन्हा खुणेवर आणता येते. फिर्यादी आम्ही, न्यायाधीशही आम्हीच, आणि पुरावा न वाचणारेही आम्हीच!

संध्याकाळी गोठ्यावर गेलो. काय बोलावे ते सुचेना. "कल से एक लिटर," एवढेच म्हणालो. त्याने मान हलविली आणि वैरण टाकायला वळला.

दुसऱ्या दिवशी त्याने दूध मापून पातेल्यात ओतले, आणि चरवी खाली ठेवून तो थोडा वेळ दारात तसाच उभा राहिला. आम्ही नळी आणायला जातो की काय, ते पाहत असावा.