गरम वाऱ्याची फणी

गेल्या श्रावणातील गोष्ट. वाक्वा येथे त्या दिवसांत बारीक पावसाची रिपरिप चालू असते. दोरीवरचा पंचा दोन दिवस सुकत नाही, तेथे माझ्या आईचे कमरेपर्यंतचे केस कसे सुकावेत? खांदा धरल्यापासून तिला हात डोक्याच्या वर नेता येत नाही. न्हाणे झाले की ओल्या केसांची कशीबशी गाठ मारून ती बसे आणि सायंकाळी शिंकू लागे.

मी सहज सुचविले, "आई, केस कापून टाकूया. तुलाच सोयीचे होईल."

ती काहीच बोलली नाही. शाळेत शब्दांचे अर्थ शिकविणाऱ्या मला तिच्या मौनाचा अर्थ कळला नाही. पुढील दोन सोमवारी ती देवळात गेली नाही. "असे विसकटलेले डोके घेऊन देवापुढे कशी जाऊ?" एवढेच तिने नातीला सांगितले.

माझ्या कन्येजवळ विजेचा एक ब्रश आहे. त्याच्या दात्यांमधून गरम वारा येतो. त्यास 'हॉट एअर ब्रश' म्हणतात. मी त्याला आजवर नटवेपणाचे साधन समजत आले होते. कन्येने आजीला न्हाणीघरापासून दूर, खिडकीशी बसविले. केस पंच्याने टिपून अर्धवट सुकू दिले, गुंता काढला व बारीक बटा पाडल्या. पांढरे केस नाजूक, म्हणून आंच अगदी मंद ठेवली.

"खोबरेल आत्ता नको हं, आजी. मागाहून टोकांना दोन थेंब लावू," ती म्हणाली.

मग तिने मला त्यामागील शास्त्र सांगितले. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात. त्यातील हायड्रोजनाचे हलके बंध पाण्याने व उष्णतेने सुटतात, आणि केस सुकून थंड झाले की नव्या वळणात पुन्हा जुळतात. म्हणून बट ब्रशावरून सोडविल्यावर ती निवेपर्यंत तिला हात लावावयाचा नाही. हवेतील ओलावा लागला की ते वळण जाते, कारण केसांचे मूळचे बळकट बंध या वाऱ्याने सुटत नाहीत.

आई डोळे मिटून बसली होती. "माझी आजी मळ्यावरच्या घरात मला न्हाऊ घालून चुलीपाशी बसवीत असे," ती म्हणाली. "हा त्याच चुलीचा वारा गं!" तिची आजी म्हणजे कोकणातून कराराने आलेल्या मजुराची लेक. तिच्याविषयी आई इतके कधी बोलली नव्हती. त्या दिवशी ती तासभर बोलत होती.

केसांना सुरेख झोक आला. कन्या म्हणाली, "आता मोकळेच ठेव." आईने आरशात पाहिले, हसली, आणि नेहमीचाच अंबाडा घालून मागितला! सायंकाळच्या दमट हवेने उरलासुरला झोकही मोडला. परंतु पुढील सोमवारी ती आमच्या आधी पायरीशी उभी होती.

आता न्हाण्याच्या दिवशी ब्रश माझ्या हाती असतो. खांद्याचे दुखणे अजून आहे. मधूनच ती म्हणते, "हळू, मास्तरीणबाई!" केस कापण्याची गोष्ट मी पुन्हा काढली नाही. तिनेही मला त्याची आठवण करून दिली नाही, हा तिचा मोठेपणा.